आजारपण काढणारीचे नाव कोणत्या रजिस्टरात?

सरकारी आरोग्य सेवेत 'सीबॅक' नावाचा एक फॉर्म आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसासाठी तो आशाताईंनी घरोघर जाऊन भरायचा असतो. तंबाखू खाता काय, दारू पिता काय, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे काय, अशी विचारपूस त्यात असते. साठीच्या पुढच्या माणसाला आणखी चार प्रश्न विचारले जातात. जेवणे, कपडे घालणे, आंघोळ, चालणे, संडासला जाणे या रोजच्या कामांसाठी तुम्हाला दुसऱ्याची मदत लागते काय, हा त्यातला एक. म्हातारबा 'होय' म्हणतात, होयच्या चौकटीत खूण होते आणि आशाताई पुढच्या प्रश्नाकडे वळतात. हा 'दुसरा' कोण, तो जेवला का, रात्री झोपला का, त्याच्या कमरेचे काय झाले, हे फॉर्म विचारत नाही. बहुतेक वेळा तो 'दुसरा' त्याच दारात ओल्या हाताने उभा असतो. बहुतेक वेळा तो 'दुसरी' असतो.

आमचा आजचा विषय ही 'दुसरी' आहे. रुग्णाचा केसपेपर निघतो, त्याला नंबर मिळतो, रजिस्टरात त्याचे नाव चढते. त्याला उठवणारी, बसवणारी, धुणारी, भरवणारी बाई मात्र आरोग्य खात्याच्या एकाही रजिस्टरात नाही. आरोग्य सेवेचे निम्मे काम या देशात ती करते आणि त्या सेवेला तिचे नावसुद्धा माहीत नाही.

मराठीत तिला धड नावही नाही. 'काळजीवाहू' हा एक शब्द आहे, पण तो आपण सरकारसाठी राखून ठेवला आहे. निवडणूक झाल्यानंतर नवे मंत्रिमंडळ येईपर्यंत जे नुसते खुर्चीवर बसून असते, ते काळजीवाहू सरकार! आणि जी बाई दहा-दहा वर्षे रात्रीचा दिवस करते, तिच्यासाठी शब्द नाही. वस्तीत आपण म्हणतो, 'तिनं सासऱ्याचं सगळं केलं', 'आईचं आजारपण तिनंच काढलं'. 'सगळं' या एका शब्दात हगणे-मुतणे काढण्यापासून औषधाची उधारी फेडण्यापर्यंत सारे येते. पण काम दिसते, काम करणारी दिसत नाही. आजारी माणूस गेला की तेराव्याला किंवा पुण्यानुमोदनाला जमलेली चार माणसे 'सुनेनं लई केलं' म्हणतात. तोवर सुनेचे मणके कामातून गेलेले असतात.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये माणसे आपला दिवस कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. १५ ते ५९ वयातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांचे संगोपन आणि देखभाल करतात, असे त्यात आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के. हे काम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देते, पुरुष ७४ मिनिटे. यात लेकरांचे करणेही आले आणि आजारी-म्हाताऱ्यांचेही. स्वयंपाक, धुणे, भांडी, पाणी हे सगळे वेगळेच. सरकारने मिनिटे मोजली, हे चांगलेच झाले. पण शेजारच्या अंथरुणावर कण्हणाऱ्याकडे कान लावून अर्धवट झोपणे, याला मोजणारे घड्याळ अजून निघायचे आहे.

हा प्रश्न सगळ्याच समाजांचा आहे, तो आंबेडकरी दैनिकाने का मांडावा, असे कुणी विचारील. उत्तर आपल्या वस्त्यांत आहे. गटारीत उतरणारा, दगड फोडणारा, सिमेंटच्या धुळीत राबणारा, कचरा वेचणारा माणूस कोणत्या समाजाचा आहे? त्याची छाती इतरांच्या आधी निकामी होते. त्याचे शरीर पन्नाशीत जे होते, ते बंगल्यातल्या माणसाचे ऐंशीत होते. बंगल्यातल्या आजाऱ्याला स्वतंत्र खोली असते, खाट असते, पगारी बाई असते. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत लकवा मारलेला बाप, दहावीचा अभ्यास करणारा पोरगा, चूल आणि मोरी एकत्र. नळ पहाटे चारला येतो, संडास वस्तीच्या टोकाला आहे. तिथे बापाला पाठीवर घेऊन जायचे की खोलीतच पॉट द्यायचा, हा प्रश्न त्या घरात रोज सकाळी उभा असतो.

विदर्भात तर हे दुखणे आपल्या रक्तातच आहे. सिकलसेल हा आजार नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी समाजांत आढळतो, तसाच तो पूर्वाश्रमीच्या महार आणि आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. ज्या लेकराला आई आणि बाप या दोघांकडून हा दोष आला, त्याला थंडीत, पावसात, ताप आला की हाडे फोडून काढावीत तशा कळा येतात. त्या रात्री आई कोमट पाण्याने शेकत बसते, घोट घोट पाणी पाजते, पहाटे पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या गावी जाते, रक्ताच्या पिशवीसाठी रक्तदाता शोधते. मजुरी बुडते. वर सासरची माणसे 'तुझ्यामुळंच पोर असं निपजलं' म्हणायला मोकळी! वास्तविक आजार दोन्हीकडून आला आहे, हे साधे शास्त्र त्या घराला कुणी समजावून सांगितलेले नसते. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासण्या होतात, कार्डे वाटली जातात. त्या कार्डावर लेकराचे नाव असते. आई सलग किती रात्री जागी आहे, याची नोंद करायला त्यावर जागा नाही.

आणि शाळकरी मुली! आई आजारी पडली की पहिली शाळा सुटते ती थोरल्या मुलीची. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजरीची खूण पडते. गुरुजी समजतात, पोरीला अभ्यासाची आवड नाही. आरोग्य खात्याला ती पोरगी दिसत नाही आणि शिक्षण खात्याला तिच्या घरातले आजारपण दिसत नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत एका मुलीचे शिक्षण संपून जाते. शिका म्हणून सांगणाऱ्या महामानवाच्या समाजात हे घडते आहे आणि आपण त्याकडे 'मुलगी गुणाची आहे, घरचं सगळं बघते' असे कौतुकाने पाहतो.

या कौतुकाचीच आम्हाला अधिक भीती वाटते. गावगाड्याने महाराला काय सांगितले होते? मेलेले जनावर ओढणे, सांगावा पोहोचवणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे हे तुझे वंशपरंपरेचे कर्तव्य आहे. त्याबद्दल मजुरी मागायची नाही, उष्टे-पाष्टे मिळेल ते घ्यायचे. राबणाऱ्यालाही तो आपला मान वाटावा, अशी त्या व्यवस्थेची करामत होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले, ते या वेठीचा कणा मोडण्यासाठी. पुढे राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. आता घरातल्या बाईला आपण काय सांगतो? हे तुझे कर्तव्य आहे, हे बाईचे संस्कार आहेत, याचा मोबदला मागणे शोभत नाही. भाषा तीच आहे, फक्त पाटलाच्या जागी घरातला पुरुष आला आहे. माया वेगळी आणि वेठ वेगळी, हे आम्हालाही कळते. लेक बापाचे करते ते मायेनेच करते. पण मायेने केलेल्या कामानेही पाठ मोडते, मजुरी बुडते आणि क्षय होतो. त्या मायेवर सरकारने आपला खर्च वाचवावा, हे कुठल्या न्यायात बसते?

सरकारी रुग्णालयात हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. 'पेशंटचा नातेवाईक कुठे आहे?' ही आरोळी ज्याने ऐकली नाही असा आपल्या समाजात कुणी नसेल. स्ट्रेचर ढकलायला नातेवाईक, रक्ताची बाटली आणायला नातेवाईक, रिपोर्टसाठी तिसऱ्या मजल्यावर धावायला नातेवाईक. कर्मचाऱ्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि त्यांचे काम नातेवाइकाकडून फुकटात करून घ्यायचे. रात्र झाली की त्याच नातेवाइकाला वॉर्डाबाहेर काढायचे. तो व्हरांड्यात, जिन्याखाली, फुटपाथवर पथारी टाकतो. गाडगेबाबांना शाळेची पायरी चढायला मिळाली नाही, पण हे दुःख त्यांनी ओळखले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या पुढाकाराने धर्मशाळा उभी राहिली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना आसरा देते. ज्यांना आरोग्याचे नियोजन करण्याचा पगार मिळतो, त्यांना मात्र हा माणूस अजून दिसायचा आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट. पुण्या-मुंबईत पेशंट सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोंचे आता पेव फुटले आहे. बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या या 'मावश्या' कोण आहेत? आपल्याच वस्त्यांतल्या बाया. सोसायटीतल्या आजोबांना त्या आंघोळ घालतात, डायपर बदलतात, त्यासाठी त्यांना पगार मिळतो. कमी का होईना, पण ते 'काम' मानले जाते. रात्री घरी आल्यावर तीच बाई तेच सगळे आपल्या आईसाठी करते, तेव्हा ते काम राहत नाही! आणि ती ड्यूटीवर असताना तिच्या आईजवळ कोण असते? बहुधा तीच थोरली मुलगी.

ही गोष्ट घरातली आहे, तिच्यात सरकारने का पडावे, असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे १९२८ मधील मुंबई कायदे कौन्सिलातले भाषण वाचावे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात पगारासह रजा मिळावी, असे विधेयक तेव्हा पुढे आले होते. बाळंतपण ही ज्याच्या त्याच्या घरची बाब आहे, हा तेव्हाचा सर्वमान्य समज. बाबासाहेबांनी विधेयकाच्या बाजूने उभे राहून सांगितले की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. सरकार उचलत नाही तोवर, त्या बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा आणखी पक्का केला. बाळंतपण चूल-मोतीरातून उचलून कायद्याच्या पुस्तकात नेणारा हा विचार आहे. आजारपण काढणे अजून चुलीपाशीच पडून आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या स्त्रीला २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि ती असायलाच हवी. पण नाक्यावर उभी राहणाऱ्या बाईला बापाच्या लकव्यासाठी एका दिवसाची रजा कोण देणार?

धम्मातही याचा आधार शोधायला लांब जावे लागत नाही. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या भिक्खूची कथा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला अंथरुणावर निजवले. तुमच्याजवळ इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार, असे तथागतांनी संघाला विचारले. इथवर आपण विहारात ऐकतो. त्याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. विनयपिटकातील महावग्गात तिथेच पुढे सांगितले आहे की, आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर आणि भिक्षापात्र संघाने रीतसर ठराव करून त्याची शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे. भिक्खूजवळ मालमत्ता म्हणून दुसरे काय असते? शुश्रूषा करणाऱ्याला नुसते पुण्य मिळेल, असे सांगून तथागत थांबले नाहीत. संघाने त्याची नोंद घेतली, त्याच्या कामाला मान्यता दिली आणि त्याचा हक्क ठरवला. शुश्रूषा करणारा चांगला कसा असावा, त्याला कोणती कामे जमली पाहिजेत, हेही तिथे सांगितले आहे. आजच्या आरोग्य खात्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवस्थेपासून शिकण्यासारखे बरेच आहे.

इथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. १५ एप्रिल १९४८ पासून ६ डिसेंबर १९५६ पर्यंत बाबासाहेबांचे आजारपण कुणी काढले? मधुमेहाने पोखरलेले शरीर, पायांच्या असह्य वेदना, मंदावलेली नजर. अशा अवस्थेत त्यांनी त्या वर्षांत केवढे प्रचंड काम केले! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतः कबूल केले होते की, आपली प्राणज्योत तेवत राहिली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर निघाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. माईसाहेबांच्या वाट्याला पुढे किती वर्षे संशय आला, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. माईसाहेबांविषयी कुणाचे काय मत असेल ते असो. पण रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहिलेली पावती त्याच्या अनुयायांनी बाजूला ठेवावी, हे या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे आणि ते आपल्या घरातले आहे.

सावित्रीमाईंचेही तसेच. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या निघाल्या, हे चित्र घरोघर आहे. त्या कुठे निघाल्या होत्या? डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर उघडलेल्या दवाखान्याकडे. म्हणजे त्यागाच्या जोडीला दवाखाना होता. आपण पाठीवरचे लेकरू तेवढे लक्षात ठेवले, माळावरचा दवाखाना विसरलो. आज वस्तीतल्या बाईच्या पाठीवर माणूस आहे, पण समोर दवाखाना उघडा आहे काय?

कायद्यात काहीच नाही, असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे आणि त्यात मोबदला घेऊन किंवा न घेता, असे स्पष्ट शब्द आहेत. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगासाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याची तरतूदही आहे. सिकलसेल याच कायद्याच्या यादीत आहे. आपल्या वस्तीत हा भत्ता किती घरांत येतो, हे ज्याने त्याने विचारून पाहावे. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक आणि परिहार सेवेचे धोरण आणले. तिथे पंचायतीच्या पातळीवरची परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते आणि घरच्यांना हाताला धरून शिकवते. 'आश्वासकिरणम्' नावाच्या योजनेत रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसासाठी महिना ६०० रुपये ठरवले गेले. रक्कम तुटपुंजी आहे, हप्ते थकल्याची ओरडही तिथे झाली. तरीही ते पैसे 'सांभाळणाऱ्याचे' म्हणून वेगळे ठरले, हे महत्त्वाचे. आपल्याकडे जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला १५०० रुपये मिळतात. ज्या भगिनींना मिळतात त्यांनी जरूर घ्यावेत. पण ती ओवाळणी आहे. भाऊ खूश असेपर्यंत ओवाळणी असते. ती कुठल्या कामाचा हक्क म्हणून मिळत नाही.

इंग्लंडचे उदाहरण मुद्दाम देतो. तिथे आजाऱ्याला सांभाळण्यासाठी नोकरी सोडणाऱ्याला १९७६ पासून भत्ता सुरू झाला. पण लग्न झालेल्या बाईला तो नाही! कारण काय, तर ती तशीही घरीच असते. एका विवाहित बाईने कज्जा युरोपच्या न्यायालयापर्यंत नेला आणि १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तेव्हा कुठे हा नियम गेला. 'ती तशीही घरीच असते' हा मनू फक्त आपल्याच देशात जन्मला असे समजायचे कारण नाही. आज तिथल्या स्थानिक डॉक्टरांच्या दवाखान्यात अशा सांभाळणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवली जाते, त्यांना फ्लूची लस फुकट दिली जाते. स्थानिक प्रशासनाने त्यांची गरज स्वतंत्रपणे तपासावी, असा तिथे २०१४ चा कायदा आहे.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? नवी योजना, नवे नाव आणि नवा फलक यांची गरज नाही. त्या सीबॅक फॉर्ममध्ये 'मदत लागते' या ओळीखाली एक ओळ वाढवा. मदत कोण करते? तिचे नाव, वय, रोजंदारी सुटली आहे काय, शाळा सुटली आहे काय. सिकलसेलच्या, क्षयाच्या, डायलिसिसच्या, दिव्यांगांच्या याद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेतच. रुग्णाच्या नावापुढे एक रकाना आखा. मग आरोग्य उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे रुग्णाचे औषध न्यायला ती येते तेव्हा तिचेही बीपी पाहा, तिचे हिमोग्लोबिन पाहा, तिला खोकला आहे काय ते विचारा. झोप लागते का, रडू येते का, हेही विचारा. यासाठी लाखो रुपयांचे यंत्र लागत नाही. ती दर महिन्याला त्याच दारात येते आणि तिला कुणी काही विचारत नाही, एवढीच अडचण आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत तर पुरावा हातात आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे देऊन अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना हा शिधा मिळाला त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णाला भरवून उरलेल्या रश्शात भाकर कुस्करून खाणाऱ्या बाईला रोग आधी धरतो, ही आपल्या आजीला कळणारी गोष्ट शास्त्राने सिद्ध केली. तेव्हा सांभाळणारीला खाऊ घालणे हा दानधर्म नाही, रोग रोखण्याचा उपाय आहे.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. लकव्याच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा पडतात. नळीतून अन्न देताना डोके उंच ठेवावे लागते. लघवीच्या पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवावे लागतात. माणूस उचलताना आपली कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत. रुग्णालयातून सुट्टी देताना अर्धा तास बसवून हे शिकवले तर किती जखमा, किती ताप, किती कंबरा वाचतील! त्याऐवजी हातात कागद देतात, तोही इंग्रजीत. म्हाताऱ्यांच्या आरोग्य कार्यक्रमात घरच्यांना प्रशिक्षण द्यावे, असे लिहिलेले आहे. लिहिलेले अमलात आणा, एवढेच मागणे आहे.

पैसे नसताना नुसती नावे लिहून काय होणार, असा आक्षेप येईल. ही शंका इतर कुणी घ्यावी, आंबेडकरी माणसाने घेऊ नये. मोजणीचे मोल या चळवळीएवढे कुणाला कळले आहे? अस्पृश्यांची संख्या किती, शाळेत किती, नोकरीत किती, हे आकडे सायमन कमिशनपुढे ठेवूनच बाबासाहेबांनी हक्क मागितले. जातनिहाय जनगणनेचा आग्रह आपण इतकी वर्षे कशासाठी धरला? ज्या तालुक्यात आजाऱ्याला सांभाळणाऱ्या बाया किती याची यादी तयार आहे, त्या तालुक्यात भत्त्याची मागणी टाळता येत नाही. यादी नसली की मंत्री 'माहिती घेतो' म्हणून सुटतात.

मात्र हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट लादले जाऊ नये. मानधनाच्या मागणीसाठी २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले, आझाद मैदानात बसावे लागले. त्या स्वतः अनेकदा घरी कुणाचे तरी आजारपण काढत असतात. एका वेठीची नोंद करायला दुसरी वेठ नको. प्रत्येक नोंदीचा, प्रत्येक भेटीचा मोबदला ठरला पाहिजे. मुंबईत हेच महापालिकेच्या आरोग्य सेविकांना लागू आहे.

मागणी सरकारकडे करताना आपल्या हातातले काय आहे? गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, उपकेंद्राची जन आरोग्य समिती असते. या समित्यांवर आपले कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, याची चौकशी आपल्या कार्यकर्त्यांनी कधी केली? निवडणुकीच्या समित्यांसाठी आपल्यात गट पडतात. या समित्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. ग्रामसभेत हा विषय घेऊन 'सांभाळणाऱ्यांची नोंद करावी' असा ठराव मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.

विहारांनाही करता येईल. वर्षावासाचे तीन महिने आपण ग्रंथवाचन करतो. ज्या बाईच्या घरी आजारी माणूस आहे, ती त्या वाचनाला येऊ शकत नाही. तिची जागा रिकामी आहे, हे महिला मंडळाच्या लक्षात येते, पण 'तिला जमत नाही' म्हणून विषय संपतो. आठवड्यातून एक दुपार मंडळातल्या दोघींनी तिच्या आजाऱ्याजवळ बसावे आणि तिने बाहेर पडावे. विहारात यावे, डॉक्टरकडे जावे किंवा नुसते झोपावे. आणि दोघींनीच का? वस्तीतल्या पोरांनीही बसावे. जयंतीच्या मिरवणुकीत समतेच्या घोषणा देणाऱ्या किती तरुणांनी आपल्या आजोबांचा पॉट उचलला आहे? तथागतांनी पाणी ओतले होते, आनंदाने अंग धुतले होते, दोघेही पुरुष होते.

यंदाच्या आषाढी पौर्णिमेला हे काम सुरू करता येईल. विहाराच्या कपाटात देणगीची वही असते, तिच्या शेजारी आणखी एक शंभर पानी वही ठेवा. पहिल्या रकान्यात सांभाळणारीचे नाव लिहा, 'अमक्याची बायको' असे लिहू नका. दुसऱ्या रकान्यात ती कुणाला सांभाळते आणि किती वर्षे. तिसऱ्यात तिला स्वतःला काय दुखते. पाने भरली की तिची एक प्रत आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला द्या, एक तहसीलदाराला आणि पोच घ्यायला विसरू नका.